पेटी वाढली

आमच्या घरात वस्तू फुटत नाहीत, वाढतात. ही आत्याची शिकवण. बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढली म्हणावं, हे तुमच्याही घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने तुम्हाला सांगितलं असेल. पण आमची आत्या बांगडीवर थांबत नाही. तिच्या तोंडी कप वाढतो, बशी वाढते, चष्म्याची काच वाढते, एकदा तर बाथरूममधली बादली वाढली. अभद्र बोलायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. गेल्या वर्षभरात आमच्याकडे इतके कप वाढले आहेत की पाहुणे आले की मला चहा स्टीलच्या पेल्यातून प्यावा लागतो आणि वर 'मला असाच आवडतो' असंही सांगावं लागतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती आमच्याकडे केव्हापासून आणि का राहते हे सांगत बसलो तर पेटीची गोष्ट राहूनच जाईल. राहते, एवढं पुरे. स्वयंपाकघर तिचं होतं. मी आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करतो, त्या दिवशी दुपारी आतून प्रश्न यायचा, "वाढू का?" या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. प्रश्न संपेपर्यंत ताट समोर आलेलं असायचं.

मग एक दिवस वाटाणे लागले. आत्याने ते गॅसवर ठेवले, गॅलरीत जाऊन बसली आणि तिचा डोळा लागला. मी आत हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. धूर खिडकीतून बाहेर गेला आणि सेक्रेटरी खिडकीतून आत यायचे तेवढे राहिले. हे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, आमच्या खालच्याच घरात राहतात आणि वरच्या घरात काय चाललंय हे आमच्याआधी त्यांना कळतं. ते आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आले. मी तोवर गॅस बंद केला होता. आग कुठेच नव्हती. पण नळकांड्याची मुदत पुढच्या महिन्यात संपणार होती, नाहीतरी ते वायाच गेलं असतं, असं म्हणून त्यांनी ते आमच्या सोफ्यावर रिकामं केलं.

माझी बायको एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेत ज्या वस्तूने गोंधळ होतो ती वस्तू जप्त करायची, हा तिचा वीस वर्षांचा खाक्या. त्या संध्याकाळी तिने गॅसची बटणं उपसून काढली आणि पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅसची बटणं रोज शाळेत जाऊ लागली. पोरांकडून जप्त केलेल्या मोबाइलांच्या शेजारी ती दिवसभर पडून असायची आणि संध्याकाळी परत यायची.

"मला काय हौस आहे का?" ती मला म्हणाली. "पण घर पेटलं असतं, अहो. आत्या घरातच होत्या."

तिचं खरंच होतं. आत्याने सगळं मुकाट मान्य केलं, आणि वाईट वाटलं ते त्याचंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती दुपारभर टीव्हीसमोर बसायची, आवाज बंद ठेवून. बायकोने सकाळी करून ठेवलेलं मी गारच ताटलीत घालून द्यायचो, ती दोन घास खायची आणि 'छान झालंय' म्हणायची. 'वाढू का' बंद झालं. मग आतेबहिणीचा फोन आला. तिने तिच्या गावातल्या एका वृद्धनिवासात चौकशी केली होती. एक तारखेला एक जागा रिकामी होत होती. खोली हवेशीर, आणि जेवण ट्रेमध्ये घालून जागेवर येतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ने."

नुसतं 'ने'. काहीतरी करायला हवं होतं, आणि मी पेशाने डिझायनर आहे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्याला कुणी किंमत देत नाही. आमची कंपनी मिक्सर, इस्त्र्या, पंखे असलं सामान करते. मिक्सर चालू असला की त्याच्या पोटावर जो निळा दिवा लागतो, तो माझा. मिक्सर चालू आहे हे त्याच्या आवाजावरून आजूबाजूच्या चार घरांना कळतं, मग दिवा कशाला, असं बायकोने एकदा विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर न देण्यातच माणसाची शोभा असते.

युक्ती सुचली ती थर्मासवरून. सकाळचा चहा संध्याकाळी जिभेला चटका देतो, तर मग उकळलेला भात थर्मासमध्ये ठेवला तर तो तिथल्या तिथे शिजणार नाही का? शिजायला जाळ थोडाच वेळ लागतो, पुढे नुसती ऊब पुरते. म्हणजे सकाळी बायको घरात असताना, बटणं जागेवर असताना आत्याने पातेलं एकदा खळखळून उकळायचं, ते चारी बाजूंनी गुंडाळून एका पेटीत ठेवायचं आणि विसरून जायचं. विसरून जाणं ही तर आत्याची खासियत. दुपारी पेटी उघडायची आणि वाढायचं. वीज नाही, गॅस नाही, बिघडायला काही नाही. लग्नाच्या आधी घेतलेला, लहान कपाटाएवढा एक स्पीकर माझ्याकडे होता. एरवी त्यावर कपडे वाळत घालत. मी त्याचं पोट काढलं, तो आडवा केला, वर झाकण बसवलं आणि आत जुन्या गोधड्या भरल्या. बायकोने माझा एक स्वेटरही त्यात कोंबला. तो मी अजून वापरत होतो, पण तिची मदत करायची इच्छा मोडवेना.

पहिल्या दिवशी आत्या लवकर उठून बसली. तिने तांदूळ धुतले, भिजलेले वाटाणे घातले, मीठ चिमटीने घातलं आणि मग परत थोडं घातलं. पातेलं उकळलं, गॅलरीत ठेवलेल्या पेटीत गेलं, वर गोधडी, वर झाकण. बायकोने बटणं काढली आणि ती शाळेत गेली. आता काहीच करायचं नव्हतं. सगळा घोटाळा इथेच झाला, कारण काहीच न करणं आपल्या लोकांना जमत नाही.

आधी समोरच्या वहिनी आल्या. समोरच्या दारात राहतात, पण त्यांचा दिवस आमच्या दारात जातो. "बघू तरी," म्हणून त्यांनी झाकण उघडलं, बोटाने एक शीत दाबलं आणि कच्चाच आहे असा निकाल दिला. मग सेक्रेटरी आले. त्यांनी झाकण उघडून आत डोकं घातलं आणि वास चांगला येतोय असं आतूनच सांगितलं. वहिनींनी ऐकलं म्हणून त्या परत आल्या आणि तेवढ्यात फरक पडला का हे त्यांनी पाहिलं. शाळेतून बायकोचा फोन आला, "जरा उघडून बघा ना." मी उघडून बघितलं. बारा वाजता ताटात जे पडलं त्याचा टणटण आवाज झाला.

"झाकण झाकायला असतं रे," आत्या म्हणाली. तेवढंच बोलली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? शेजाऱ्यांना हात जोडून सांगितलं असतं, बाबांनो, उघडू नका. पण हात जोडायला डिझायनर कशाला हवा? मी पेटीला कुलूप बसवलं. कुलूप लागल्यावर लोकांना आतलं दिसेना, तेव्हा ते मला विचारायला येऊ लागले. म्हणून काचेची खिडकी बसवली. आत अंधार, म्हणून बल्ब. खिडकीतून ऊब जाऊ लागली, तेव्हा ती किती गेली हे कळावं म्हणून आकडे दाखवणारं यंत्र. मी ऑफिसात असलो तर आकडे मला कसे दिसणार? म्हणून पेटीने मोबाइलवर निरोप पाठवायची सोय केली. आणि हो, पुढच्या बाजूला एक निळा दिवा बसवला. तो कशासाठी, हे विचारू नका.

निरोपाच्या यंत्रात नंबर टाकताना माझा हात जरा चुकला आणि माझ्या नंबराऐवजी बिल्डिंगच्या ग्रुपचा पत्ता पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बिल्डिंगला निरोप गेला, "मी अजून गरम आहे." थोड्या वेळाने परत, "मी अजून गरम आहे. वाट बघा." चौथ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, हे कोण बोलतंय? समोरच्या वहिनींनी लिहिलं, ताप अंगावर काढू नका. मी तो नंबर बदलायला बसलो, तर यंत्र म्हणालं की आधीचा परवलीचा शब्द टाका. तो मी कुठेतरी नीट जपून ठेवला होता. शेवटी ते तसंच राहिलं, आणि बिल्डिंगलाही हळूहळू सवय झाली. पेटी थंड पडलेली दिसली की लोक जिन्यात मला थांबवून चौकशी करू लागले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसे मग सेक्रेटरी आले. कमिटीला पेटीविषयी विचारणा झाली होती. कुणी केली, असं मी विचारलं. "मीच," ते म्हणाले. प्रश्न असा होता की पेटी फर्निचर आहे की उपकरण? फर्निचर असेल तर गॅलरीत ठेवता येणार नाही. उपकरण असेल तर ठेवता येईल, पण अर्थिंग हवं.

"अहो, याला वायरच नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. वायर नाही तर अर्थिंग देणार कसं?"

मी त्यांना समजावून सांगितलं की बल्ब आणि यंत्र बॅटरीवर चालतात, शिजवायला वीज लागतच नाही, म्हणून अर्थिंगचा संबंधच येत नाही. ते शांतपणे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग वायर कधी बसवताय, डिझायनर?" त्या संध्याकाळी मी बाजारातून तीन पिनांचा प्लग आणि चांगली लांब वायर आणली. वायरचं एक टोक प्लगात होतं आणि दुसरं टोक पेटीच्या लाकडाला खिळ्याने ठोकलेलं होतं. सेक्रेटरींनी ते निरखून पाहिलं, वायर ओढून घट्ट असल्याची खात्री केली आणि परवानगी दिली.

या वायरचा त्रास आत्याला झाला. ती रोज इमानदारीने प्लग लावून बटण चालू करायची, आणि बायको घराबाहेर पडताना सवयीने भिंतीवरची सगळी बटणं बंद करून जायची. मग आत्या मला म्हणायची, आज करंट नव्हता, आज काही शिजलं नसेल. आणि ते बघायला तिच्याकडे किल्ली नव्हती. किल्ली माझ्या खिशात. आधी बटणं सुनेच्या पर्समध्ये, आता किल्ली भाच्याच्या खिशात. आत्याने तांदूळ धुवायचंही माझ्यावर सोडून दिलं. मी पेटीत नवनवीन सोयी करत होतो, आणि ज्या बाईसाठी पेटी केली ती आवाज नसलेल्या टीव्हीत बातम्या बघत होती. एक तारीख जवळ आली होती आणि मी सुधारणा करत होतो.

तशातच ऑफिसात वाढ विभागाच्या प्रमुखांनी मीटिंग घेतली. आमच्या कंपनीत वाढ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. तो काही बनवत नाही आणि काही विकत नाही, दुसरे विभाग वाढतायत की नाही ते बघतो. प्रमुख म्हणजे उंचापुरा, नेहमी कोट घालणारा माणूस. त्यांनी नव्या कल्पना मागितल्या. बराच वेळ कुणी बोलेना, आणि शांततेत माझं तोंड उघडं पडतं, हा माझा जुना रोग. मी पेटीबद्दल सांगितलं.

"उत्तम," ते म्हणाले. "दर महिन्याला यात बदलायचं काय?"

"काही नाही."

"बिघडतं काय?"

"काही नाही."

"मग ज्याने एक घेतली तो पुढच्या वर्षी काय घेणार?"

"भात," मी म्हणालो. खोलीत कुणी हसलं नाही.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, की रविवारी घरी येऊन पेटी पाहतो, वाढ कशात नसते असं नाही, ती शोधावी लागते. वीस वर्षांत वरच्या माणसाने माझ्या घरी येतो म्हणण्याची ही पहिली वेळ. मी तरंगतच घरी आलो आणि आत्याला म्हणालो, "रविवारी मोठे पाहुणे जेवायला आहेत. वाढ विभागाचे प्रमुख."

आत्याने टीव्हीवरून नजर काढली. "कसले प्रमुख?"

"वाढ विभागाचे."

"हाताखाली माणसं किती?"

"चाळीसेक असतील."

"म्हणजे मोठमोठ्या पंगतींची कामं घेत असणार," ती म्हणाली. मी घाईत होतो. हो म्हटलं आणि पेटीच्या खिडकीची काच पुसायला गेलो.

रविवारी सकाळी आत्याने मोठं पातेलं काढायला लावलं. पाहुणा मोठा, तर पातेलंही मोठं हवं, एवढंच म्हणाली. वाटाणे, गाजर, तांदूळ सगळं तिने स्वतः घातलं. कितीतरी दिवसांनी. बायको बटणं पर्समध्ये ठेवता ठेवता दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.

प्रमुख आले, पेटीभोवती फिरले, निळ्या दिव्याचं कौतुक केलं, वायर हातात घेऊन ही किती वीज खाते असं विचारलं. बरोबर बारा वाजता मी किल्ली फिरवली. झाकण उघडलं, वाफ आली, भात मोकळा आणि मऊ शिजला होता. मी प्रमुखांकडे ऐटीत पाहिलं. नेमक्या त्याच क्षणी पेटीने शेवटचा निरोप पाठवला. तो मी मोठ्या हौसेने लिहून ठेवला होता आणि पार विसरलो होतो. "मी तयार आहे. या."

सगळी बिल्डिंग आली. समोरच्या वहिनी ताट घेऊनच आल्या. सेक्रेटरी दोन घेऊन आले, दुसरं घरच्यांसाठी. चौथा मजला अख्खा आला, कारण पेटी इतके दिवस गरम असल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि एकदाची ती तयार झाल्याचा त्यांना आनंद झाला होता. बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. मी शरमेने अर्धा झालो. आत्या मात्र सरळ प्रमुखांकडे गेली आणि तिने त्यांच्या हातात भाताचा डाव दिला.

"बरं झालं तुम्ही आहात," ती म्हणाली. "एवढ्यांना वाढणं माझ्या एकटीच्याने झालं नसतं. तुमचं तर कामच ते."

"वाढ हेच माझं काम," प्रमुख जरा विनयाने म्हणाले.

"मग घ्या. या बाजूने सुरू करा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याने त्यांना वाढपी समजलं होतं. पंगतीत भात वाढतात ना, त्या वाढप्यांचा मुकादम. मी पुढे झालो, पण बायकोने माझी बाही धरली आणि मानेनेच नको म्हटलं. प्रमुखांनी एकदा डावाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. आत्याकडे बघून नाही म्हणता येत नाही, हा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या.

पहिल्याच ताटात त्यांनी डोंगर केला. सेक्रेटरी खूश झाले. आत्या मागे उभी होती. "विचारून वाढा," ती म्हणाली. "आणि पुरे म्हटलं की हात आवरा. पहिल्याच्या ताटात एवढं टाकलंत तर शेवटच्याला काय राहील? तुम्हाला शिकवलं कुणी?"

"असं कुणी शिकवलं नाही," प्रमुख म्हणाले.

"कितीही वाढणारा असो, त्याला थांबता आलं पाहिजे."

प्रमुख थांबले. मग पुढच्या ताटापाशी जाऊन त्यांनी विचारलं, "किती वाढू?" हे विचारताना त्यांचा आवाज इतका हळू झाला की मला ओळखू येईना. त्यांनी सगळ्यांना विचारून वाढलं, आणि पातेलं शेवटच्या माणसापर्यंत पुरलं. शेवटी आत्याने त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या ताटात स्वतः वाढलं. खाता खाता त्यांना नोकरीची आठवण झाली असावी. मला म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण पुढे यात वाढ कुठे आहे?"

"पातेल्यात आहे अजून," आत्या म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

जेवणं झाली, लोक पांगले. प्रमुखांनी हात धुतले आणि त्यांचा मूळ आवाज परत आला. पेटी अभ्यासासाठी ऑफिसात न्यायची असं त्यांनी ठरवलं. तिला मोठा पडदा बसवू, पदार्थ सुचवायची सोय करू, त्यासाठी महिन्याची वर्गणी ठेवू, आणि गोधडी अशी करू की ती दर सहा महिन्यांनी बदलावीच लागेल. हे सगळं माझ्या नावाने होणार होतं. माझं नाव! मी मिक्सरच्या निळ्या दिव्यावरून थेट आभाळात गेलो. खाली उतरलो तेव्हा आत्या समोर उभी होती.

"आत्या, पेटी नेऊ ना ऑफिसात?"

"ने," ती म्हणाली.

तेच 'ने'. तोच आवाज. पदराला हात पुसत ती आत गेली. टीव्ही लागल्याचं मला कळलं, आवाज नव्हता तरीसुद्धा.

पेटी जिन्याने खाली न्यायची होती. पुढून सेक्रेटरी, मागून प्रमुख. मी दारात उभा होतो. एका बाजूला माझं नाव होतं, दुसऱ्या बाजूला ते 'ने'. पेटी जिन्याच्या वळणावर पोचली तेव्हा मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. पण थांबवायचं काम वायरने केलं. मागे लोंबणारा तीन पिनांचा प्लग जिन्याच्या कठड्यात अडकला. सेक्रेटरींनी स्वतः ओढून पाहिलेली वायर, ती तुटणार थोडीच. त्यांना वाटलं प्रमुख ओढतायत, प्रमुखांना वाटलं सेक्रेटरी ओढतायत. दोघांनी सौजन्याने एकदमच हात सोडले.

वायरचा खिळा लाकडातून उपटला आणि पेटी एकेक पायरी घेत खालच्या मजल्यावर पोचली. कुलूप एकीकडे उडालं, खिडकीची काच दुसरीकडे, आकड्यांचं यंत्र थेट सेक्रेटरींच्या दारावर आदळलं. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. जाता जाता पेटीने सगळ्या बिल्डिंगला कळवलं, "मी तयार आहे. या." वरच्या मजल्यांवर दारं उघडल्याचे आवाज आले.

आत्या बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून बघितलं. "वाढली?" तिने विचारलं.

"वाढली," बायको म्हणाली.

प्रमुखांनी वर पाहिलं. भाताचा डाव त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता, तो त्यांनी कधी घातला कुणास ठाऊक. "काय वाढलं?"

"पेटी," बायको म्हणाली. "म्हणजे फुटली, हो. आमच्याकडे फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात."

प्रमुख पायरीवर बसले. इतकी वर्षं दर सोमवारी चाळीस माणसांना समोर बसवून ते ज्या शब्दाचा जप करायचे, तो शब्द बहुधा त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकला असावा. मग उठले आणि पेटीचं एक टोक उचललं. लाकूड जुन्या काळचं, एक कोपरा दबला होता इतकंच. झाकण होतं, गोधड्या होत्या, माझा स्वेटर होता. मी मागाहून लावलेलं जे जे होतं तेवढंच गेलं होतं. "वर घेऊ या," ते म्हणाले, आणि आम्ही ती वर आणली. सेक्रेटरी पुढे होऊन वायरच्या सांधणीविषयी काही बोलू लागले, पण प्लग अजून कठड्यातच होता आणि तो सोडवायला त्यांना तिथेच थांबावं लागलं.

प्रमुखांनी मंगळवारी कंपनीला अहवाल दिला. तो एवढाच होता, "उपकरण प्रत्यक्ष पाहिले. माझ्या डोळ्यांदेखत वाढले." कंपनीत आनंदीआनंद झाला. सगळ्यात वरच्या साहेबांनी मला अभिनंदनाचा निरोप पाठवला आणि अशीच वाढ होत राहो अशी इच्छा व्यक्त केली. जे आधीच वाढलंय त्याचा अभ्यास कशाला, म्हणून पेटी पुन्हा कुणी मागितली नाही. प्रमुखांनी ते जाणूनबुजून लिहिलं का, हे मी विचारलेलं नाही. डाव मात्र त्यांनी स्वच्छ घासून परत पाठवला.

एक तारखेला सकाळी आत्याने पातेलं उकळलं, गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवलं, झाकण लावलं. बायकोने बटणं काढून पर्समध्ये टाकली आणि दारातून वळून म्हणाली, "आत्या, किल्ली..." मग किल्ली आता नाहीच हे तिच्या लक्षात आलं. ती हसली आणि शाळेत गेली. समोरच्या वहिनी आल्या आणि त्यांचा हात झाकणाकडे गेला, तो आत्याने भाताच्या डावानेच अडवला.

थोड्या वेळाने आतेबहिणीचा फोन आला. गाडी घेऊन दुपारी पोचते म्हणाली. आत्याने फोन कानाला नीट लावला.

"आज नाही जमायचं गं. पातेलं आत ठेवलंय."

"मग उद्या?"

"उद्याही ठेवणार आहे."

बारा वाजता मी खोलीत मीटिंगमध्ये होतो. नव्या इस्त्रीला निळा दिवा हवा का, यावर चर्चा चालली होती. पडद्यावर सगळे साहेब चौकोनात बसले होते, मधल्या चौकोनात प्रमुख, आणि माझा माइक, नेहमीप्रमाणे, चालू राहिलेला होता. कुणीतरी विचारलं, या दिव्याने पुढच्या वर्षी काय होईल?

तेवढ्यात आतून आवाज आला, "वाढू का?"

सगळ्या चौकोनांनी ते ऐकलं. प्रमुखांनी मान खाली घातली. ते हसत होते.

मी म्हटलं, "वाढ."